बेकायदा आवाजांचं दप्तर

डब्लिनमध्ये १९८८च्या डिसेंबरअखेर रेडिओ केंद्रं एकामागून एक मुकी होत गेली. वर्षाच्या शेवटच्या दिवसापासून नवा कायदा लागू होणार होता. परवान्याशिवाय प्रक्षेपण करणं आधीही गुन्हाच होता. आता अशा केंद्राला जागा देणं, सामान पुरवणं, त्यावर आपल्या दुकानाची जाहिरात करणं हेही गुन्हे ठरणार होते. ज्यांना पुढे परवाना हवा होता, त्यांना तर आधी गप्प बसणं भागच होतं. निवेदकांनी श्रोत्यांचा निरोप घेतला, शेवटची गाणी लावली आणि प्रक्षेपक बंद केले. त्यानंतरची खरखर आजही ऐकता येते, कारण कुठल्यातरी घरात टेपरेकॉर्डर चालू होता आणि तो बंद करायला हात धजला नव्हता.

आयर्लंडच्या पायरेट रेडिओचा, म्हणजे चाच्यांच्या रेडिओचा इतिहास अशा कॅसेटींमध्ये आहे. त्या देशाने त्या जपायला हव्यात, नीट लावायला हव्यात आणि लोकांना ऐकू द्यायला हव्यात. हे काम हौशी मंडळींच्या खांद्यावर टाकून सरकारने बाजूला राहणं चुकीचं आहे.

रेडिओ मुळात हवेत विरून जाण्यासाठीच बनलेला. वर्तमानपत्राचा अंक रद्दीतून तरी सापडतो. काल सकाळी आठला निवेदक काय बोलला, ते कुणी ध्वनिमुद्रित केलं नसेल तर गेलंच. परवानाधारक केंद्रांना निदान कार्यालय असतं, फडताळ असतं, नोंदवही असते. चाच्यांच्या केंद्राला यातलं काहीच खात्रीचं नव्हतं. छापा पडला तर उपकरणं जप्त व्हायची. मग दप्तर ठेवणार कोण, आणि कुणासाठी? बेकायदा धंद्याची नोंद स्वतःच जपून ठेवणं म्हणजे आपल्याविरुद्धचा पुरावा आपणच सांभाळणं.

म्हणून हे दप्तर श्रोत्यांनी ठेवलं. तिकडे अशा वेड्या श्रोत्याला ‘अॅनोरॅक’ म्हणतात. समुद्रातल्या रेडिओ-जहाजांना भेटी द्यायला टोपीवाली जाड जाकिटं घालून जाणाऱ्यांवरून हा शब्द रूढ झाला, असं सांगतात. आयर्लंडमध्ये जमिनीवरच्या केंद्रांचा सुकाळ झाला तेव्हा ब्रिटनमधले असे दर्दी होलीहेडहून बोट धरून डब्लिनला येत. सोबत रेडिओ, कोऱ्या कॅसेटी आणि वही. मग पट्टीवर काटा हळूहळू फिरवायचा, केंद्र सापडलं की लाल बटण दाबायचं आणि वहीत कंप्रता, तारीख, वेळ लिहायची. त्यांच्या त्या नोंदी आज एखाद्या विद्यापीठाच्या सूचीइतक्याच मोलाच्या ठरल्या आहेत. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. त्यामुळे किती तरी बातमीपत्रं अर्ध्या वाक्यात तुटतात आणि कॅसेट उलटून लावेपर्यंतचे काही क्षण कायमचे हरवतात. कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन चिमुकले तुकडे मोडले की तिच्यावर पुन्हा काही ध्वनिमुद्रित होत नाही, हे मराठी घरांतल्या एका पिढीला ठाऊक आहे. डब्लिनमध्ये ज्यांनी ते तुकडे वेळेवर मोडले, त्यांच्याच कॅसेटी उरल्या.

हे सगळं का घडलं, याचं मूळ राज्याच्या स्वभावात आहे. आयर्लंड स्वतंत्र झाल्यावर रेडिओ सरकारच्या हातात राहिला. १ जानेवारी १९२६ रोजी डब्लिनमधून टूआरएन हे केंद्र सुरू झालं आणि त्याच वर्षी बिनतारी संदेशवहनाचा कायदा झाला. पुढची साठ-बासष्ट वर्षं देशात कायदेशीर प्रसारण म्हणजे सरकारी प्रसारण, एवढाच अर्थ होता. वास्तविक या देशाच्या स्वातंत्र्याच्या कहाणीतच एक बेकायदा प्रक्षेपण आहे. १९१६च्या ईस्टरच्या उठावात बंडखोरांनी डब्लिनमधली बिनतारी संदेशांची एक बंद पडलेली शाळा ताब्यात घेतली आणि प्रजासत्ताकाची घोषणा झाल्याची वार्ता मोर्सच्या लिपीत आसमंतात सोडली. कुणा एकाच्या नावाने नाही. ज्याला ऐकू येईल त्याच्यासाठी. ते कुणी ध्वनिमुद्रित केल्याचं ठाऊक नाही.

त्या उठावात मारल्या गेलेल्या ‘द ओ’राहिली’ यांचा नातू रोनन ओ’राहिली. त्याने १९६४च्या ईस्टरला इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उभ्या केलेल्या जहाजावरून रेडिओ कॅरोलाइन सुरू केला. ते जहाज सज्ज झालं होतं आयर्लंडच्या लाउथ परगण्यातल्या ग्रीनोर बंदरात, जे त्याच्या वडिलांच्या मालकीचं होतं. ब्रिटिश पॉप संगीताच्या इतिहासात कॅरोलाइनचं नाव मोठं आहे. त्या जहाजाची आयरिश मुळं मात्र फार कमी लोकांच्या लक्षात राहिली.

आयर्लंडमध्ये मात्र जहाजाची गरजच पडली नाही. १९२६च्या कायद्यातला दंड इतका किरकोळ होता की सत्तरच्या दशकात तो कुणालाच भीती घालेनासा झाला. देशातली जवळपास निम्मी लोकसंख्या पंचविशीच्या आतली होती आणि सरकारी रेडिओवर त्यांच्या आवडीचं संगीत अगदी चवीपुरतं लागे. एखाद्याच्या मागच्या अंगणातल्या खोपटात, दुकानाच्या माडीवर, हॉटेलच्या आवारात प्रक्षेपक उभे राहू लागले. आरटीई या सरकारी प्रसारण संस्थेने अखेर ३१ मे १९७९ रोजी ‘रेडिओ टू’ नावाची पॉप संगीताची वाहिनी काढली आणि डेव्ह फॅनिंगसारखे निवेदक चाच्यांच्या केंद्रांमधूनच उचलले.

मराठी वाचकाला हा घटनाक्रम ओळखीचा वाटेल. पुण्याचे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास हद्दपार झाली, श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती सुरू करावी लागली. तिथे शेजारच्या देशाने भारतीयांची हौस भागवली. आयर्लंडमध्ये हे काम शेजारच्या गल्लीने केलं.

ऐंशीच्या दशकात या खटाटोपाला मोठ्या व्यवसायाचं रूप आलं. रेडिओ कॅरोलाइनवर काम केलेल्या रॉबी रॉबिन्सनने १९८० मध्ये डब्लिनच्या उत्तरेला पोर्टमार्नॉकमध्ये सनशाइन रेडिओ काढला. पुढच्याच वर्षी ख्रिस कॅरीने रेडिओ नोवा सुरू केला. नोवाचा आवाज ऐकून डब्लिनकर चकित झाले: एफएमवर स्वच्छ स्टिरिओ, गाण्याला लागून गाणं, मध्ये मोजकं बोलणं आणि अमेरिकी धाटणीच्या घोटून बसवलेल्या सांकेतिक धुना. त्याचं प्रक्षेपण आयरिश समुद्र ओलांडून ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोहोचत असे. १८ मे १९८३ रोजी अधिकाऱ्यांनी नोवावर छापा घातला, दुसऱ्या दिवशी सनशाइनवर. लोक रस्त्यावर उतरले आणि दोन्ही केंद्रं लवकरच पुन्हा ऐकू येऊ लागली. सरकारने कारवाई केली आणि जनतेने ती अमान्य केली, असा तो प्रसंग होता. १९८६च्या मार्चमध्ये नोवा बंद पडला. पुढे आरटीईवर बातम्या वाचून घराघरांत पोहोचलेला ब्रायन डॉब्सन याच नोवाच्या बातमीविभागात काम करत होता.

या केंद्रांच्या ध्वनिफिती ऐकायला बसलेला माणूस सुरुवातीला गाणी शोधतो. पण गाणी तर जगभर मिळतात, त्यांच्या तबकड्या आहेत. खरी मौज दोन गाण्यांच्या मध्ये आहे. फर्निचरच्या सेलची जाहिरात, शनिवारच्या डिस्कोची वेळ, जुन्या मोटारींच्या पौंडांतल्या किमती, हरवलेल्या कुत्र्याचा शोध, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि त्यांतली मुलांची नावं, कुठल्या रस्त्यावर वाहतूक तुंबली आहे ते. मंदीची, बेकारीची आणि तरुणांच्या स्थलांतराची ती वर्षं होती. इतिहासाच्या पुस्तकात त्यांची टक्केवारी सापडते. पण मंगळवारी दुपारी अडीचला गाव कसं वाजत होतं, हे फक्त इथेच कळतं. एरवी नको असलेली जाहिरात तीस वर्षांनी दस्तऐवज होते. म्हणूनच गाणी ठेवून ‘बडबड’ कापून टाकलेल्या कॅसेटी पाहिल्या की जीव हळहळतो. त्या वेळी टेप महाग होती, कापणाऱ्याला दोष देता येत नाही. नुकसान मात्र भरून निघणारं नाही.

भाषेच्या अभ्यासकाला इथे आणखी एक खजिना आहे. मोठ्या शहरी केंद्रांवर निवेदक अटलांटिकच्या मधोमध कुठेतरी जन्मल्यासारखं, अर्धं अमेरिकी बोलत. त्याच दिवशी कॉर्क किंवा डोनेगलमधल्या लहान केंद्रावर गावचा ठसठशीत हेल ऐकू येतो. आरटीईवर त्या काळी या हेलांना फारशी जागा नव्हती.

आणि भाषेचाच विषय निघाला तर सगळ्यात मोठं उदाहरण कॉनेमाराचं. मुख्यतः आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, जिथे आयरिश भाषा घरात बोलली जाते, त्या प्रदेशांना गेल्टाख्त म्हणतात. राष्ट्राची पहिली राजभाषा ज्यांच्या तोंडी जिवंत होती, त्यांच्यासाठी त्यांच्या भाषेत पूर्ण वेळ चालणारं केंद्र मात्र नव्हतं. गेल्टाख्तच्या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या तरुणांनी १९७०च्या ईस्टरच्या सुमाराला रॉस मक गावातून ‘सेर रेडिओ कॉनेमारा’ हे बेकायदा केंद्र चालवून दाखवलं. ताकद जेमतेम, पल्ला थोडका, आयुष्य काही दिवसांचं. पण हे जमतं हे दिसलं. दोन वर्षांनी, २ एप्रिल १९७२ रोजी, सरकारचं रेडिओ न गेल्टाख्ता सुरू झालं आणि ते आजही चालू आहे. मराठीच्या भवितव्यावर भाषणं ऐकून कंटाळलेल्या कुणीही हा प्रसंग मुद्दाम वाचावा. मागणीपत्राने जे झालं नव्हतं, ते खटपट करून उभ्या केलेल्या एका प्रक्षेपकाने झालं.

गॉलवेमध्ये नाटककार मार्गारेटा डार्सी यांनी ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या घरातून ‘रेडिओ पायरेट वुमन’ चालवलं. बायकांनी यायचं, बोलायचं, कुणी वेळ कापायची नाही. प्रसारण कायद्याच्या एकतिसाव्या कलमाखाली शिन फेनसारख्या संघटनांच्या प्रतिनिधींना रेडिओ-टीव्हीवर बोलू देण्यास मनाई होती. ही बंदी १९७१ पासून १९९४ पर्यंत चालली. डार्सी यांनी ती जाहीरपणे धुडकावली. त्यांच्या प्रक्षेपणाचा पल्ला फार मोठा नव्हता. पण बोलायला बंदी असलेल्या काळात तिथे कोण काय बोललं, हे पुढच्या पिढ्यांना ऐकता आलं पाहिजे.

नेमका इथेच या संग्रहांचा दुबळेपणा उघडा पडतो. ध्वनिमुद्रण करणारे बहुतांशी तरुण पुरुष होते, तंत्राचे वेडे, सांकेतिक धुना आणि शक्तिशाली प्रक्षेपक यांच्यावर जीव टाकणारे. त्यामुळे नोवाच्या कॅसेटी ढिगाने मिळतात; एखाद्या गावच्या सामुदायिक केंद्राचा दुपारचा कार्यक्रम किंवा बायकांच्या गप्पा फार कमी. डब्लिनजवळच्या ब्रे गावात १९७९ पासून बीएलबी नावाचं स्थानिक केंद्र होतं. त्याच्यामागे पैसा कमावण्याची नव्हे, गावाला आवाज देण्याची प्रेरणा होती. अशा केंद्रांचे कार्यकर्ते, त्यांची घरं, त्यांचे माळे आता पद्धतशीर धुंडाळायला हवेत. जे आपसूक जमलं तेवढ्यावर संग्रह थांबला, तर तो काळाचं नव्हे, काही हौशी माणसांच्या आवडीचं चित्र देत राहील.

आणखी एक अवघड प्रश्न आहे, तो टाळून चालणार नाही. सत्तरच्या दशकातल्या सर्वांत प्रसिद्ध केंद्रांपैकी एक म्हणजे रेडिओ डब्लिन. ते चालवणारा माणूस पुढे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांबद्दल दोषी ठरला आणि तुरुंगात गेला. त्याचा आवाज असलेल्या फिती नष्ट कराव्यात का? मुळीच नाही. त्या पुरावा आहेत. एका माणसाच्या हातात ध्वनिवर्धक आणि तरुण चाहत्यांचा घोळका आला तेव्हा समाजाने काय पाहिलं नाही, याचा पुरावा. पण त्या ‘सुवर्णकाळाच्या आठवणी’ म्हणून गाण्यांच्या मध्ये गुंफून वाजवणं हा पीडितांवर दुसरा अन्याय होईल. फितीसोबत हकिगत लिहिलेली असली पाहिजे आणि ती फीत मागणाऱ्या अभ्यासकालाच मिळाली पाहिजे. असा निर्णय घ्यायला जबाबदार संस्था लागते, एकट्या संग्राहकाने तो घ्यावा ही अपेक्षाच गैर आहे.

चाच्यांना हटवून आलेली कायदेशीर व्यवस्था निर्मळ होती, असंही नाही. १९८८चे दोन्ही कायदे मंत्री रे बर्क यांच्या काळात झाले. परवाने वाटले गेले, पण सनशाइनच्या पदरी काही पडलं नाही. राष्ट्रीय पातळीवरचं पहिलं खाजगी केंद्र सेंच्युरी रेडिओ १९८९च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालं आणि १९९१ मध्ये बंदही पडलं. त्या केंद्राच्या एका प्रवर्तकाने १९८९ मध्ये बर्क यांना दिलेले ३५ हजार पौंड हा भ्रष्ट व्यवहार होता, असा निष्कर्ष चौकशी न्यायाधिकरणाने २००२ मध्ये काढला. म्हणजे त्या दशकाची अधिकृत कागदपत्रंही एका बाजूचीच आहेत. दुसरी बाजू कॅसेटींवर आहे.

सुदैवाने काम अगदीच सुरू नाही असं नाही. डब्लिन सिटी युनिव्हर्सिटीच्या ग्रंथालयाने इतिहासकार एडी बोहन यांचा मोठा संग्रह स्वीकारला आणि आयरिश पायरेट रेडिओचं दप्तर उभं केलं. ब्रायन ग्रीन आणि गॉलवे विद्यापीठातले जॉन वॉल्श या दोघांनी लोकांकडून आलेल्या कॅसेटींचं अंकीकरण करून त्या महाजालावर ऐकायला ठेवल्या आहेत. प्रत्येक फितीसोबत केंद्राची हकिगत, तारीख, कंप्रता, ध्वनिमुद्रण कुणी आणि कुठे केलं याची नोंद असते. एका विद्यापीठाने असा बेकायदा वारसा आपल्या छताखाली घेतला, ही साधी गोष्ट नाही. ज्यांच्यावर खटले भरले, त्यांची दप्तरं आज संशोधक शासकीय अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयात बसून चाळतात.

पण घड्याळ थांबत नाही. कॅसेटची फीत चार मिलिमीटरहूनही अरुंद, तिच्यावरच्या चुंबकीय थराला दमट हवेचं वावडं. रिळांवरच्या काही जुन्या फिती तर चिकट होऊन यंत्राच्या शीर्षालाच बिलगतात आणि मंद आचेच्या भट्टीत तासन्‌तास ऊब दिल्याशिवाय वाजत नाहीत. चांगली कॅसेट-यंत्रं आता फारशी बनत नाहीत. ज्या यंत्रावर ध्वनिमुद्रण झालं, त्याच्या शीर्षाचा कोन जरा तिरका असेल तर आवाज बसका येतो; दर कॅसेटला पेचकसाने तो कोन जुळवून घ्यावा लागतो. आणि हे काम घाईने होत नाही: नव्वद मिनिटांची कॅसेट ऐकायला नव्वद मिनिटंच लागतात. हजारो कॅसेटींसाठी पगारी माणसं हवीत.

सर्वांत मोठा अडसर स्वामित्वहक्काचा. एका तासाच्या फितीत पंधरा गाणी, सहा जाहिराती, दोन बातमीपत्रं. प्रत्येकाचा हक्कदार वेगळा आणि ज्या केंद्राने ते वाजवलं त्याने बहुधा कुणालाच मानधन दिलेलं नाही. युरोपीय संघाच्या २०१२च्या निर्देशाने, शोध घेऊनही मालक न सापडलेल्या कृती सार्वजनिक ग्रंथालयांना आणि दप्तरखान्यांना वापरू देण्याची वाट काढली. पण ती सवलत संस्थांना आहे, घरी संग्रह करणाऱ्यांना नाही. शिवाय पंधरा गाण्यांचे मालक तर चांगले माहीत असतात. म्हणून आयर्लंडने पुढचं पाऊल टाकायला हवं: पूर्ण, न कापलेली प्रक्षेपणं अभ्यासासाठी आणि ऐकण्यासाठी खुली ठेवण्याची स्पष्ट मुभा कायद्याने दप्तरखान्यांना द्यावी. चाळीस वर्षांपूर्वीच्या खरखरीत मीडियम वेव्हवरचं गाणं ऐकून कुणी तबकडी विकत घ्यायचं थांबणार नाही.

मुंबईकराला आणि गोमंतकीयाला यात आपलंही काही दिसेल. १९४२च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जागा बदलत बदलत काँग्रेस रेडिओ चालवला, तो नोव्हेंबरात पकडला गेला. त्यावर काय बोललं गेलं ते आज वाचता येतं ते मुख्यतः पोलिसांनी कान देऊन टिपून ठेवलं म्हणून. १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गोव्याच्या सीमेलगतच्या रानातून, आधी आंबोलीच्या परिसरातून, पोर्तुगीज सत्तेविरुद्ध गुप्त रेडिओ चालवला, थेट १९६१च्या मुक्तीपर्यंत. बेकायदा आवाज टिपायला मुंबईत सत्तेचा कान होता. डब्लिनमध्ये चाहत्यांचा होता, आणि म्हणून तिथे शब्दांसोबत स्वर, खोकला, हसू, चुकीच्या वेगाने लागलेली तबकडी असं सगळं शिल्लक राहिलं. ही चैन फार थोड्या देशांच्या वाट्याला आली आहे.

त्या कॅसेटी भरणारे पोरसवदा श्रोते आता साठीच्या आसपास आहेत. कॅसेटवरच्या चिठ्ठीवरची पेन्सिल फिकट झाली असली, तरी त्यांना अजून सांगता येतं की ही फीत कुठल्या खोलीत भरली, एरियल खिडकीतून कसं बाहेर काढलं होतं, दुसऱ्या बाजूला काय आहे आणि मध्येच पाच मिनिटं आवाज का गेला. दप्तरखान्यांनी त्यांच्याकडे जाऊन कॅसेटींसोबत हेही ध्वनिमुद्रित करून घ्यावं, आणि याच वर्षी.